ब्रिटनमधल्या विद्यापीठात शिकवताय? 'अ‍ॅडव्हान्स एचई' फेलोशिपचा अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि लेखन

ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या लेक्चरर पदाच्या जाहिराती चाळल्या, की एक अट वारंवार दिसते : उमेदवाराकडे एचईएची (हायर एज्युकेशन अ‍ॅकॅडमी, म्हणजे आताची 'अ‍ॅडव्हान्स एचई') फेलोशिप असावी, किंवा प्रोबेशनच्या मुदतीत ती मिळवण्याची तयारी असावी. पुण्या-मुंबईहून पीएचडीला किंवा पोस्टडॉकला गेलेल्या अनेकांचा या अटीशी पहिला संबंध येतो तो अगदी शेवटच्या वर्षात, नोकरीचे अर्ज भरताना. तोवर शिकवण्याचा अनुभव गाठीशी असतो, पण त्याची एकही नोंद ठेवलेली नसते. म्हणून ही माहिती जितक्या लवकर हातात पडेल तितकी बरी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही जेआरएफसारखी विद्यावृत्ती नाही, यातून पैसे मिळत नाहीत. विद्यापीठ पातळीवर तुम्ही शिकवता किंवा शिकण्याला आधार देता, आणि ते काम ठरलेल्या व्यावसायिक निकषांवर उतरतं, याची ती मान्यता आहे. नावापुढे एफएचईए अशी अक्षरं लावता येतात, आणि नोकरी बदलली तरी ती तुमच्याबरोबरच येतात.

यामागचा इतिहास थोडक्यात असा. १९९७ साली सर रॉन डिअरिंग यांच्या समितीने ब्रिटनच्या उच्चशिक्षणाचा आढावा घेतला आणि विद्यापीठातल्या शिक्षकांना अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण व मान्यता देणारी संस्था हवी, अशी शिफारस केली. त्यातून आधी एक संस्था उभी राहिली, २००४ मध्ये हायर एज्युकेशन अ‍ॅकॅडमी म्हणजे एचईए आली, आणि २०१८ मध्ये आणखी दोन संस्थांशी विलीन होऊन तिची 'अ‍ॅडव्हान्स एचई' झाली. संस्थेचं नाव बदललं, पण फेलोशिपच्या अक्षरांत 'एचईए' तसंच राहिलं. लोकही बोलताना 'एचईए फेलोशिप' असंच म्हणतात.

कोण अर्ज करू शकतं

सर्वात मोठा गैरसमज इथेच आहे. ही मान्यता फक्त प्राध्यापकांसाठी नाही. विद्यार्थ्यांना संदर्भ शोधायला शिकवणारे ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, लर्निंग टेक्नॉलॉजिस्ट, निबंधलेखनाचं मार्गदर्शन करणारे स्टडी स्किल्स सल्लागार, करिअर सल्लागार, पीएचडी करता करता सेमिनार किंवा लॅब घेणारे विद्यार्थी, हे सगळे पात्र ठरू शकतात. निकषांच्या नावातच 'शिकवणं आणि शिकण्याला आधार देणं' असे दोन्ही शब्द आहेत. राष्ट्रीयत्वाची अट नाही. बघितलं जातं ते एवढंच, की तुमचं काम उच्चशिक्षणाच्या पातळीवरचं आहे आणि त्याचे अलीकडचे पुरावे तुमच्याकडे आहेत. 'मी काय फक्त लायब्ररीत आहे' असं म्हणून मागे राहणाऱ्यांना मला मुद्दाम सांगावंसं वाटतं : अर्ज करा. पहिल्या वर्षाच्या मुलाला जर्नलचा लेख कसा वाचायचा हे ज्याने दाखवलं, त्याचं काम शिकवण्याचंच आहे.

शाळेत शिकवण्यासाठी इंग्लंडमध्ये लागणारी क्यूटीएस ही पात्रता वेगळी. नॅशनल टीचिंग फेलोशिप हा तर पुरस्कार आहे, त्यासाठी विद्यापीठाकडून नामांकन व्हावं लागतं. नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते.

चार श्रेणी

मान्यतेच्या चार श्रेणी आहेत आणि त्या 'प्रोफेशनल स्टँडर्ड्स फ्रेमवर्क' म्हणजे पीएसएफवर बेतलेल्या आहेत. हा आराखडा प्रथम २००६ मध्ये आला, २०११ मध्ये सुधारला आणि सध्याची आवृत्ती २०२३ ची आहे. त्यात तीन भाग आहेत : पाच मूल्यं (व्ही-१ ते व्ही-५), ज्ञानाचे पाच घटक (के-१ ते के-५) आणि कामाची पाच क्षेत्रं (ए-१ ते ए-५). ही पाच क्षेत्रं म्हणजे शिकण्याच्या उपक्रमांची आखणी, प्रत्यक्ष शिकवणं किंवा शिकण्याला आधार, मूल्यमापन आणि अभिप्राय, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, आणि स्वतःचा व्यावसायिक विकास.

असोसिएट फेलोसाठी यातलं सगळं लागत नाही. कामाच्या पाचपैकी किमान दोन क्षेत्रांत परिणामकारक आणि समावेशक काम दाखवावं लागतं. ज्ञानातले पहिले तीन घटक आणि मूल्यांपैकी किमान पहिलं व तिसरं आवश्यक. पीएचडीचे विद्यार्थी, डेमॉन्स्ट्रेटर, ग्रंथपाल आणि तंत्रज्ञ यांना बहुधा हीच श्रेणी योग्य ठरते. फेलो व्हायचं तर पाचही मूल्यं, पाचही ज्ञानघटक आणि पाचही क्षेत्रं यायला हवीत. पूर्णवेळ लेक्चररकडून हीच अपेक्षा असते.

सीनियर फेलो हा फक्त 'जास्त अनुभवी फेलो' नव्हे. तुमच्यामुळे इतरांच्या शिकवण्यात फरक पडला, आणि ते सातत्याने घडलं, हे दाखवावं लागतं. वीस वर्षं उत्तम शिकवलं, पण सहकाऱ्यांच्या कामावर त्याचा ठसा दिसत नसेल, तर ही श्रेणी मिळत नाही. प्रिन्सिपल फेलो ही धोरण पातळीवर नेतृत्व करणाऱ्यांसाठी आहे.

या पायऱ्या एकेक करून चढायची सक्ती नाही. सध्याच्या कामाला जी श्रेणी जुळते तिथेच थेट अर्ज करायचा. कोणती जुळते याचा अंदाज घ्यायला अ‍ॅडव्हान्स एचईच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांचं एक साधन आहे. ते आधी प्रामाणिकपणे भरून बघा. वरची श्रेणी मोहात पाडते आणि अर्ज तिथेच अडकतो.

कोणत्या वाटेने जायचं

वाटा तीन आहेत. पहिली, विद्यापीठाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम. नवीन लेक्चररना प्रोबेशनमध्ये बहुधा पीजी सर्ट (अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम) करावं लागतं आणि त्यातून फेलो श्रेणी मिळते. पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक विद्यापीठांत छोटा अभ्यासक्रम असतो, त्यातून असोसिएट फेलो. दुसरी वाट विद्यापीठाअंतर्गत अनुभवावर आधारित अर्जाची. अभ्यासक्रम नाही, फक्त केलेल्या कामाची मांडणी. काही ठिकाणी ती लेखी, काही ठिकाणी संवादातून किंवा सादरीकरणातून करता येते. ज्यांना लेखी इंग्रजीचं दडपण येतं पण बोलायला अडचण नाही, त्यांनी तोंडी पर्याय आहे का ते जरूर विचारावं. तिसरी वाट म्हणजे थेट अ‍ॅडव्हान्स एचईकडे अर्ज. तिथे शुल्क भरावं लागतं, आणि तुमची संस्था सदस्य आहे की नाही यावर ते कमी-जास्त होतं.

माझं मत स्पष्ट आहे : विद्यापीठात अंतर्गत सोय असेल तर तिथूनच जा. कर्मचाऱ्यांना सहसा खिशातून खर्च येत नाही, मेंटॉर मिळतो, लेखनाच्या कार्यशाळा होतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या जागा मात्र मर्यादित असतात आणि वर्षाच्या सुरुवातीलाच भरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच टीचिंग अँड लर्निंग विभागाला ईमेल टाका. भारतात राहून शिकवणाऱ्यांना किंवा ज्यांच्या संस्थेत अशी सोय नाही त्यांना तिसरी वाट आहे.

कागदपत्रं

कागदपत्रांचा गठ्ठा इथे लागत नाही. आपल्याकडच्या एपीआयच्या (प्राध्यापकांच्या कामाचे गुण मोजण्याच्या यूजीसी पद्धतीच्या) फायलींची सवय असलेल्यांना हे जरा विचित्रच वाटतं. पदव्यांच्या प्रती, सेमिनारची प्रमाणपत्रं, शोधनिबंधांची यादी यांना इथे फारसं वजन नाही. अर्जाचा गाभा म्हणजे तुमच्या कामाचं आत्मपरीक्षणपर लेखन. सुरुवातीला एक छोटा परिच्छेद, त्यात तुम्ही कुठे, कोणाला, काय शिकवता हे सांगायचं. शब्दमर्यादा त्या त्या वाटेच्या नमुना अर्जात दिलेली असते आणि ती काटेकोरपणे पाळावी लागते.

लेखनाबरोबर तुमचं काम जवळून पाहिलेल्या सहकाऱ्यांची समर्थनपत्रं जोडायची असतात, सहसा दोन. पत्र देणाऱ्याने तुमचा वर्ग पाहिलेला असावा, पीएसएफ त्याला ठाऊक असावा. तो स्वतः फेलो असेल तर उत्तम. इथे आपली माणसं हमखास घसरतात ती मोठ्या नावाच्या मागे लागून. विभागप्रमुखांनी 'हा मेहनती आणि होतकरू आहे' असं लिहून दिलं, तर त्याचा उपयोग शून्य. तुमच्याच मॉड्यूलवर (अभ्यासक्रमातल्या एका विषयावर) काम करणारी लेक्चरर 'मी याचा सेमिनार पाहिला, गटचर्चेत गप्प बसणाऱ्या मुलांना बोलतं करण्यासाठी त्याने अमुक केलं' असं लिहील, तर ते पत्र मोलाचं. तिला तुमच्या अर्जाचा मसुदा आधी वाचायला द्या.

पुरावे अर्जाला जोडायचे नसले तरी हाताशी असावेत : विद्यार्थ्यांचे अभिप्राय, सहकाऱ्याने वर्ग पाहून केलेली टिपणं, बाह्य परीक्षकाच्या अहवालातली तुमच्या मॉड्यूलवरची ओळ, तुम्ही बदललेलं हँडआऊट (आधीचं आणि नंतरचं). असोसिएट आणि फेलोसाठी उदाहरणं अलीकडची हवीत, ढोबळमानाने गेल्या तीन वर्षांतली. विद्यार्थ्यांची नावं कुठेही येऊ देऊ नका.

लेखन : इथेच अर्ज तरतो किंवा अडतो

समजा, तुम्ही रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला डेमॉन्स्ट्रेटर आहात. पहिल्या मसुद्यात बहुतेक जण असं काहीतरी लिहितात : 'आम्ही आठवड्यातून दोन प्रॅक्टिकल घेतो. विद्यार्थ्यांना उपकरणं समजावून सांगितली जातात आणि त्यांच्या रिपोर्टना वेळेवर अभिप्राय दिला जातो.' यात चूक काहीच नाही, पण हे कामाचं वर्णन झालं. परीक्षकाला त्यात तुम्ही दिसत नाही.

आता हेच असं लिहून बघा : 'टायट्रेशनचे रिपोर्ट तपासताना माझ्या लक्षात आलं, की मुलं आकडे बरोबर काढतात पण त्रुटीच्या कारणांपाशी एकच साचेबद्ध वाक्य लिहितात. माझा लेखी अभिप्राय त्यांना पुढचं प्रॅक्टिकल झाल्यावर मिळत होता, म्हणून तो वाया जात होता. मी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवली. जोडीने एकमेकांचे आकडे ताडून फरक का पडला हे तिथेच बोलायला लावलं. डिस्लेक्सिया असलेल्यांना आणि इंग्रजीत लिहायला बिचकणाऱ्यांना आधी तोंडी मांडता आलं. पुढच्या रिपोर्टमध्ये कारणं नेमकी येऊ लागली. मात्र मोठ्या गटात वेळ अपुरा पडला, म्हणून नंतरच्या सत्रात मी प्रश्नांचं छोटं कार्ड केलं.'

इथे प्रश्न दिसतो, निर्णय दिसतो, त्यामागचं कारण, झालेला परिणाम आणि न जमलेली बाजूही दिसते. अभिप्राय वेळेत मिळाला तरच तो वापरला जातो, यावर भरपूर संशोधन आहे. त्यातल्या तुम्ही खरोखर वाचलेल्या एखाद्या लेखाचा हवाला इथे दिला, की तिसरं मूल्यही (संशोधनासारख्या पुराव्याच्या आधाराने काम करणं) आपोआप येतं. संशोधकांची नावं परिच्छेदागणिक पेरायची गरज नाही. एकच लेख, पण त्यामुळे तुम्ही काय बदललंत ते सांगता आलं पाहिजे.

आणखी एक सवय मोडावी लागते. मराठीत 'मी केलं' म्हणायला आपण संकोचतो, 'आम्ही', 'करण्यात आलं' अशी आड घेतो. अर्जात तो संकोच नुकसान करतो. संघाने काय केलं आणि त्यात तुमचा वाटा कोणता, हे वेगळं करून सांगायलाच हवं.

कंसात ए-२, के-१ असे संकेत टाकायची पद्धत आहे. ते परीक्षकाला वाट दाखवायला असतात. मजकुरात त्या घटकाचा पुरावा नसेल, तर नुसत्या संकेताला अर्थ नाही. फेलोच्या अर्जात के-५ म्हणजे गुणवत्ता-हमी हा घटक अनेकांचा कच्चा राहतो. दोघांनी मिळून पेपर तपासण्याची म्हणजे मॉडरेशनची प्रक्रिया, बाह्य परीक्षकाची सूचना, मॉड्यूलचा वार्षिक आढावा यांपैकी ज्यात तुम्ही प्रत्यक्ष होतात तेच लिहा.

सीनियर सहकाऱ्याचा यशस्वी अर्ज नमुना म्हणून मिळाला, तर तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी तपासा. २०११ च्या आराखड्यात मूल्यं चार आणि ज्ञानघटक सहा होते, आता दोन्ही पाच-पाच आहेत. जुने संकेत जसेच्या तसे उचलले तर सगळी मांडणी विस्कटते. मजकूर तर उचलूच नका. हे लेखन तुमचं स्वतःचंच असावं लागतं.

निकाल आणि त्यानंतर

प्रशिक्षित परीक्षक अर्ज वाचतात आणि प्रत्येक निकषावर निर्णय देतात. विद्यापीठाअंतर्गत अर्ज असेल तर हे काम तिथलं पॅनेल करतं. निकाल दोनच : मान्यता, किंवा दुरुस्तीसाठी परत. परत आला तर कोणता निकष पूर्ण झाला नाही ते लिहून येतं. तेवढाच भाग सुधारून पुन्हा द्यायचा. अर्ज परत येणं ही नापास झाल्याची खूण नाही, बऱ्याचदा एका घटकाचा पुरावा कमी पडलेला असतो.

मान्यता मिळाल्यावर अ‍ॅडव्हान्स एचईच्या खात्यातून प्रमाणपत्र डाउनलोड करता येतं. त्यानंतरही काम पीएसएफच्या निकषांनुसार चालू ठेवण्याची अपेक्षा असते, त्यामुळे नोंदींची वही बंद करू नका.

भारतात परतणाऱ्यांसाठी : ही फेलोशिप नेट किंवा सेटच्या जागी चालत नाही, सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेच्या यूजीसी अटी वेगळ्या आहेत. खासगी विद्यापीठांत किंवा परदेशी विद्यापीठांच्या भारतातल्या केंद्रांत अर्ज करताना मात्र बायोडेटात ती ठळक लिहा, आणि कोणत्या श्रेणीची, कोणत्या वर्षी मिळाली हेही लिहा.