पूर्व आफ्रिकी न्यायालय : मानवी हक्कविषयक अधिकारिता

पूर्व आफ्रिकी समुदाय या प्रादेशिक राष्ट्रसंघटनेचे हे न्यायालय टांझानियातील आरुशा येथे २००१ मध्ये स्थापन झाले. समुदायाच्या १९९९ च्या स्थापना-कराराचा अर्थ लावणे आणि त्याचे पालन होते की नाही हे पाहणे, एवढेच काम अनुच्छेद २७(१) ने त्याच्याकडे सोपवले आहे. मानवी हक्कांचे खटले चालवण्याचा अधिकार अनुच्छेद २७(२) नुसार पुढे स्वतंत्र पूरक करारानेच मिळायचा होता आणि मानवी हक्कांपुरता तो अद्याप मिळालेला नाही.

या मर्यादेचा कस २००७ च्या कताबाझी खटल्यात लागला. युगांडात राजद्रोहाच्या १६ आरोपींपैकी १४ जणांना उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये जामीन दिला. पण सशस्त्र सुरक्षा दलाने न्यायालयालाच वेढा घातला, आरोपी पुन्हा तुरुंगात गेले आणि त्यांच्यावर लष्करी न्यायालयात नवे आरोप ठेवण्यात आले. मानवी हक्कांचे वाद हाती घेता येत नाहीत, हे आरुशाच्या न्यायाधीशांनी मान्य केले. मात्र तक्रारीत हक्कभंगाचा उल्लेख आहे एवढ्यावरून कराराचा अर्थ लावण्याचे काम सोडता येणार नाही, असे म्हणत त्यांनी कायद्याच्या राज्याचे तत्त्व, आणि पर्यायाने करार, मोडल्याचा निष्कर्ष काढला. बंद दाराशेजारची ही खिडकी पुढील बहुतेक अर्जदारांनी वापरली. आधी स्वतःच्या देशातील न्यायालयीन उपाय संपवण्याची अट नसल्याने ती सोयीचीही ठरली.

खरी अडचण मुदतीची आहे. समुदायाच्या विधानसभेतील केनियाच्या प्रतिनिधींच्या निवडीवरून न्यायालयाने २००६ मध्ये प्रतिकूल आदेश देताच सदस्य राष्ट्रांनी करारात घाईने दुरुस्ती केली आणि अर्जासाठी जेमतेम दोन महिन्यांची मुदत घातली. माउंट एल्गन भागात केनियाच्या सुरक्षा दलांनी केलेल्या कथित छळ व हत्यांच्या प्रकरणात ही मुदत आड येत नाही, असे प्राथमिक शाखेने २०११ मध्ये ठरवले होते. अपील शाखेने २०१२ मध्ये ते फिरवले. करारभंग अखंड चालू असल्याचा युक्तिवाद तिने स्वीकारला नाही. कोठडीतील छळाची कागदपत्रे जमवायलाच वर्षे जातात, हे लक्षात घेतले तर अधिकाराच्या अभावापेक्षा हाच अडसर अधिक जाचक म्हणावा लागेल.

आफ्रिकी मानवी व जनहक्क न्यायालयाचे मुख्यालयही आरुशातच आहे. त्याच्याकडे हक्कांच्या खटल्यांची स्पष्ट अधिकारिता असली, तरी व्यक्तींना थेट दाद मागता यावी यासाठी संबंधित राष्ट्राची वेगळी घोषणा लागते, आणि यजमान टांझानियानेच ती २०१९ मध्ये मागे घेतली.