लॉगच्या ओळीवर नाव कुणी कोरायचं?

"सगळे लॉग एका ठिकाणी ओता, पुढचं एआय बघून घेईल," असं हल्ली सर्रास ऐकू येतं. ओळीत जे लिहिलेलंच नाही ते एआय वाचणार कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही.

सर्व्हर घडलेल्या गोष्टींची नोंद ओळीओळीने ठेवतो, तोच लॉग. अमुक वाजता कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकला, वगैरे. सिसलॉग ही त्यातली जुनी पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीला तयार केली. तिच्या ओळीत महिना, तारीख, वेळ असे. वर्ष नसे, टाइमझोनही नसे. त्याच यंत्रावर बसून वाचणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नव्हतं. शेकडो यंत्रांच्या ओळी एकत्र आल्या की अडतं.

लग्नघरी शेजारपाजारची पातेली येतात, ती परत करताना कोरलेलं नावच कामी येतं. लॉगच्या ओळीवरही असंच नाव निघतानाच घालायला हवं. ही ओळ चाचणीच्या सर्व्हरची की खऱ्या ग्राहकांच्या, हे त्या यंत्रावरच्या एजंटला, म्हणजे लॉग उचलून पुढे पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, पक्कं सांगता येतं. पुढे सगळाच अंदाज. फाइलबीट हा असा एक एजंट. फाइलमधली ओळ उचलून तो तिचा जेसन इव्हेंट करतो, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांची एक नोंद; अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक फील्ड. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये (कॉन्फिगमध्ये) 'फील्ड्स'खाली 'टीम: पेमेंट' लिहिलं, की त्या इनपुटच्या प्रत्येक इव्हेंटला ती जोडी चिकटते.

चिकटते ती 'फील्ड्स' याच नावाच्या वेगळ्या कप्प्यात. 'फील्ड्स_अंडर_रूट' चालू केलं तर थेट वरच्या पातळीवर. तिथे त्या नावाचं फील्ड आधीच असेल, तर तुमची किंमत त्याच्यावर बसते. वाटेत इव्हेंटवर प्रक्रिया करणाऱ्या लॉगस्टॅशचं 'अ‍ॅड_फील्ड' जुनं पुसत नाही, दोन्ही किमतींची यादी करतं. नावांची ही टक्कर सिसलॉगच्या २००९च्या प्रमाणकाने, आरएफसी ५४२४ने, छान सोडवली: खासगी नावानंतर @ आणि आपल्या संस्थेला आयानाकडून (इंटरनेटवरचे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडून) मिळालेला क्रमांक लिहायचा.

खरी गंमत इलॅस्टिकसर्चमध्ये, म्हणजे हे इव्हेंट जिथे साठवून शोधले जातात तिथे. टेम्प्लेट (कुठलं फील्ड कुठल्या प्रकारचं याचा आधीच दिलेला आराखडा) न देता नवं फील्ड पाठवलं, तर त्याचा प्रकार पहिल्या इव्हेंटवरून ठरतो. समजा 'रिलीज' या फील्डची पहिली किंमत आली "२०२४-०१-०५". अवतरणचिन्हांत असली तरी ती तारखेसारखी दिसते, म्हणून फील्ड तारखेचं झालं. तारीख आत १९७०पासूनच्या मिलिसेकंदांची संख्या होऊन बसते, अमुक ते अमुक काळातलं पटकन शोधता यावं म्हणून. मजकुराची मांडणी निराळी: कुठला शब्द कुठल्या नोंदींत आहे, याची उलटी सूची. एका इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदींच्या एका साठ्यात, एका फील्डचा प्रकार एकच. रात्री घाईघाईने तातडीच्या दुरुस्तीचं "२०२४-०१-०५-हॉटफिक्स" सोडलं, की ती तारीख म्हणून वाचता येत नाही आणि नुसतं फील्ड नव्हे, अख्खा इव्हेंट नाकारला जातो. म्हणजे ज्या रात्री लॉग सर्वांत जास्त हवेत, नेमके त्याच रात्रीचे गायब! प्रकार आधीच 'कीवर्ड' (जसाच्या तसा ठेवायचा मजकूर) असा सांगून ठेवला असता तर दोन्ही किमती निमूट आत गेल्या असत्या.

आणि ग्राहक क्रमांक फील्डच्या नावात घालू नका, किमतीत घाला. एका इंडेक्सला मुळात १००० फील्डांचीच मर्यादा असते; प्रत्येक ग्राहकाला नवं फील्ड दिलंत तर ती दुपारपर्यंत संपेल.