मल्टिपल स्क्लेरोसिस : वाणीतील बिघाड आणि सुरुवातीची लक्षणे

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू, मेरुरज्जू आणि दृष्टिचेता यांचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. चेतातंतूंवर मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्या आवरणावर उलटते, आवरण जागोजागी झडते आणि तिथे कठीण चट्टे उरतात. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश मंदावतो, अडतो किंवा शेजारच्या तंतूत शिरतो. चट्टा कुठे पडला यावर लक्षण ठरत असल्याने दोन रुग्णांची सुरुवात सहसा सारखी नसते. वाणीतील बिघाड हे या आजाराचे सर्वांत गाजलेले लक्षण, पण पहिले लक्षण म्हणून ते क्वचितच येते. बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात डोळ्यापासून किंवा हातापायांच्या बधिरपणापासून होते, आणि ती आपोआप बरीही होत असल्यामुळे विसरली जाते.

आजार बहुधा 20 ते 40 या वयात डोके वर काढतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळतो. 2020च्या अंदाजानुसार जगात सुमारे 28 लाख लोकांना एमएस होता.

शार्को यांची त्रयी

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मधील व्याख्यानांतून या आजाराला स्वतंत्र ओळख मिळवून दिली. असे चट्टे त्याआधी शवविच्छेदनात दिसले होते, त्यांची चित्रेही काढली गेली होती. शार्को यांनी रुग्णाच्या हयातीतली लक्षणे आणि मृत्यूनंतर सापडलेले चट्टे यांची सांगड घातली. कंपवातापासून हा आजार वेगळा कसा काढायचा, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता, कारण थरथर दोन्हींत असते. कंपवातात हात स्वस्थ असताना थरथरतो. एमएसमध्ये पाण्याचा पेला उचलायला हात पुढे गेला की थरथर सुरू होते आणि पेला ओठांपाशी येईपर्यंत वाढत जाते. या कंपाला त्यांनी बुबुळांची आपोआप होणारी हालचाल आणि अक्षरे तोडून केलेले बोलणे या आणखी दोन खुणा जोडल्या. वैद्यकाचे विद्यार्थी ही त्रयी आजही पाठ करतात.

निदानाच्या दृष्टीने मात्र ती फसवी आहे. तिन्ही खुणा निमस्तिष्क (तोल आणि हालचालींचा मेळ राखणारा मेंदूचा मागचा भाग) आणि त्याच्या मस्तिष्कस्तंभाशी (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणारा देठ) असलेल्या जोडण्या बिघडल्याच्या आहेत. निमस्तिष्काच्या इतर आजारांतही त्या दिसतात, आणि एमएसमध्ये त्या एकत्र दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. साल्पेत्रिएर हे दीर्घकाळ आजारी असलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान होते. शार्को यांना दिसला तो मुख्यतः आजाराचा उत्तरार्ध. पाठ्यपुस्तकांनी तोच त्याचा चेहरा म्हणून छापला, आणि ‘बोलणे नीट आहे, म्हणजे एमएस नसेल’ असा उलटा समजही त्यातूनच पसरला.

वाणीत नेमके काय बिघडते

बोलताना श्वास, स्वरयंत्र, टाळू, जीभ आणि ओठ यांचा मेळ क्षणाक्षणाला जमवावा लागतो. एमएसमध्ये हा मेळ चुकतो. भाषा मात्र शाबूत असते. रुग्णाला शब्द सुचतो, वाक्य जुळवता येते, लिहिता येते. बिघडतो तो उच्चार. निमस्तिष्काच्या वाटा दुखावल्या तर लय जाते. प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर येतो आणि मध्ये खंड पडतो, म्हणजे ‘महाबळेश्वर’ हा शब्द ‘म... हा... ब... ळे... श्वर’ असा सुटा सुटा येतो. मध्येच आवाज एकदम चढतो नि पडतो. मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून स्नायूंना आदेश नेणाऱ्या प्रेरक तंतूंना इजा झाली तर स्नायू ताठरतात. मग बोलणे संथ, घोगरे, गळ्यातून जोर लावून काढल्यासारखे होते, कधी नाकातून येते. एमएसमध्ये या दोन्हींची सरमिसळ असणे हेच नेहमीचे. छातीचे स्नायू दुबळे असतील तर वाक्य संपण्याआधीच दम संपतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डार्ली, ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी 1972 मध्ये 168 रुग्णांच्या बोलण्याची पद्धतशीर पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांचे बोलणे एकंदरीत ठीक होते. ज्यांचे बिघडले होते त्यांच्यात आवाजाचा लहानमोठेपणा आवरता न येणे आणि आवाज खरखरीत होणे हे दोष सर्वाधिक होते. शार्को यांनी वर्णिलेले तुटक बोलणे त्या मानाने थोड्यांतच आढळले. मराठी कानाला हे तुटकपण हेरणे आणखी कठीण जाते. इंग्रजीत शब्दातील एका अक्षरावर ठळक आघात असतो, तो सपाट झाला की लगेच खटकते. मराठीत आघाताचा चढउतार मुळातच सौम्य आहे, म्हणून इथे अक्षरांमधला खंड आणि आवाजाची उसळी यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

तपासणी साधी असते. रुग्णाला ‘प-प-प’, ‘त-त-त’, ‘क-क-क’ असे जमेल तितके भराभर म्हणायला सांगतात. ‘प’ ओठांची परीक्षा घेतो, ‘त’ जिभेच्या टोकाची, ‘क’ जिभेच्या मागच्या भागाची. मग तिन्ही जोडून ‘पतक-पतक-पतक’. निमस्तिष्क बिघडलेल्या रुग्णाचा ताल इथे उघड चुकतो, ताठरपणा असलेल्याचा वेग पडतो पण ताल टिकतो. एका श्वासात लांब ‘आ’ किती वेळ धरता येतो, हेही पाहतात. तपासणी सकाळची की दिवसभराच्या कामानंतरची, याने फरक पडतो. थकव्याने आणि उकाड्याने बोलणे अधिक लडबडते, आणि पुष्कळ रुग्णांची संध्याकाळची वाणी सकाळपेक्षा वाईट असते. अशा माणसाला रस्त्यावर दारुडा समजले जाते. चाल झोकांड्या खाणारी असेल तर अधिकच.

बोलताना ‘तो शब्द आत्ता जिभेवर होता’ असे वारंवार होणे ही गोष्ट वेगळी. तिथे उच्चार स्वच्छ असतो, मंदावलेली असते ती मेंदूतील माहितीची देवघेव. विचारप्रक्रियेतील असा सौम्य बिघाड एमएसमध्ये बऱ्याच जणांना होतो आणि तो आजाराच्या आरंभीही सापडू शकतो. पक्षाघातात दिसतो तसा वाचाघात, म्हणजे भाषाच हरपणे, एमएसमध्ये दुर्मीळ आहे. उच्चार बिघडलेल्या रुग्णाला पाणी पिताना ठसका लागतो का, हे मात्र नेहमी विचारायला हवे, कारण बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बव्हंशी तेच आहेत.

सेकंदांचे झटके

वाणीतील बिघाडाचा एक प्रकार आजाराच्या सुरुवातीलाही येऊ शकतो. बोलता बोलता जीभ अचानक जड होते, शब्द लडबडतात, सोबत तोल जातो किंवा हात वेडावाकडा पडतो. आणि काही सेकंदांत सगळे पूर्ववत. असे झटके दिवसातून अनेकदा, कधी डझनांनी येतात. भराभर श्वास घेतल्यानेही ते सुरू होऊ शकतात. मस्तिष्कस्तंभातील चट्ट्यापाशी आवरण गमावलेल्या तंतूंमधून संदेश एकातून दुसऱ्यात उडतात, हे त्याचे कारण मानले जाते. कार्बामॅझेपिनसारख्या फेफऱ्यावरील औषधाच्या छोट्या मात्रेने ते बहुधा थांबतात. तपासणीच्या वेळी रुग्ण ठणठणीत असल्याने ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याची बोळवण होण्याचा धोका असतो. घरच्यांनी मोबाइलवर घेतलेले चित्रण इथे फार उपयोगी पडते.

आधी येणारी लक्षणे

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्ते (1794–1848) याने ठेवलेली रोजनिशी ही या आजाराची सर्वांत जुनी विश्वसनीय नोंद मानली जाते. डिसेंबर 1822 मध्ये तो एका जिवलग आप्ताला भेटायला स्कॉटलंडला गेला, तर तो आप्त वारलेला होता. अंत्यविधीनंतर डेस्तेला अक्षरे दिसेनात. आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही काळाने उपचाराविना नजर परतली. 1827 मध्ये फ्लॉरेन्सला जाताना पुन्हा डोळे बिघडले, पुढे एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, पाय लुळे पडले, लघवीचा त्रास सुरू झाला. पहिल्या दोन घटनांत जवळजवळ 5 वर्षांचे अंतर आहे. आजच्या डॉक्टरने ही रोजनिशी वाचली तर त्याची शंका 1827 पाशीच पक्की होईल.

डेस्तेची सुरुवात आज दृष्टिचेतादाह म्हणून ओळखली जाते. एका डोळ्याची नजर काही दिवसांत धूसर होते, बुबुळ फिरवताना दुखते, रंग फिके पडतात. लाल रंग सर्वांत आधी. एकेक डोळा झाकून कुंकवाची डबी पाहिली तर एका डोळ्याला ती विटकरी दिसते. नजर बहुधा काही आठवड्यांत सुधारते. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. पहिल्या झटक्याच्या वेळी एमआरआयमध्ये मेंदूत एकही चट्टा नसलेल्यांपैकी सुमारे 25 टक्के लोकांना 15 वर्षांत एमएस झाला. एक वा अधिक चट्टे असलेल्यांत हे प्रमाण सुमारे 72 टक्के निघाले.

दुसरी नेहमीची सुरुवात म्हणजे बधिरपणा आणि मुंग्या. हात अवघडून आलेल्या मुंग्या मिनिटांत जातात. एमएसच्या मुंग्या दिवसेंदिवस राहतात, पायातून कमरेपर्यंत चढतात, किंवा छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. मान खाली वाकवताच पाठीच्या कण्यातून वीज गेल्यासारखी झिणझिणी येणे, याला लेर्मित यांच्या नावाने ओळखतात. व्यायामाने नजर तात्पुरती मंदावते, ते जर्मन नेत्रतज्ज्ञ उठहॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवले; अंघोळीच्या कढत पाण्यानेही तसेच होते. एमआरआय नव्हते त्या काळात रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे उमटतात का, हे पाहिले जाई. एकाच्या दोन वस्तू दिसणे, गरगरणे, पाय ओढत चालणे, लघवी आवरता न येणे आणि झोपेनेही न जाणारा थकवा ही आणखी काही लक्षणे.

कालावधी आणि निदान

लक्षण कोणते यापेक्षा ते किती वेळ टिकले, हे बहुतेकदा अधिक बोलके असते. वर सांगितलेले सेकंदांचे झटके सोडले तर एमएसचा नवा झटका किमान 24 तास टिकतो, काही दिवस वाढतो, काही आठवड्यांत ओसरतो, आणि त्यामागे ताप वा जंतुसंसर्ग नसतो. बोलणे क्षणार्धात लडबडले आणि तसेच राहिले, तोंड वाकडे झाले किंवा हात गळाला, तर तो पक्षाघात धरूनच चालावे आणि तडक रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तिथे एमएसची चर्चा करत बसू नये.

निदानाचे निकष 2001 पासून मॅकडोनल्ड यांच्या नावाने ओळखले जातात आणि वेळोवेळी सुधारले जातात. इजा मध्यवर्ती चेतासंस्थेत एकाहून अधिक जागी आणि एकाहून अधिक वेळी झाली आहे, हे दाखवणे त्यांचा मूळ गाभा होता; 2024च्या सुधारणेनंतर ‘एकाहून अधिक वेळी’ ही अट प्रत्येक वेळी आवश्यक राहिलेली नाही. निदानासाठी एमआरआय आणि पाठीच्या पाण्याची तपासणी कामी येते.

भारतात हा आजार युरोपच्या तुलनेत बराच कमी आढळतो. त्याला ठळक अपवाद पारशी समाजाचा. 1980च्या दशकात मुंबईतील पारशांची पाहणी झाली, तेव्हा दर लाखास वीसहून अधिक रुग्ण सापडले. त्या काळच्या भारतीय अंदाजांच्या हे कितीतरी पट होते. आजार विरळ असल्याने हातापायाच्या मुंग्यांचे खापर इथे आधी मानेच्या मणक्यांवर फुटते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी लोकांत सर्रास आढळते आणि तिनेही मेरुरज्जू बिघडतो. ती रक्ततपासणीने आधी बाजूला काढणे शहाणपणाचे. डोळे आणि मेरुरज्जूवर घाला घालणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळा आजार आशियात लक्षणीय आहे. त्याची प्रतिपिंडे 2004 पासून रक्तात ओळखता येतात आणि एमएसवरील काही औषधे, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, त्यात अपाय करतात.

उपचार

तीव्र झटक्यावर मिथिलप्रेडनिसोलोन शिरेतून 3 ते 5 दिवस देतात. त्याने झटका लवकर ओसरतो. पुढचे झटके कमी करणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत 1993 मध्ये मंजूर झाले. आता त्याहून प्रभावी औषधे आहेत. वाणीसाठी वेगळे औषध नाही. स्पीच थेरपिस्ट रुग्णाला वेग कमी करायला, वाक्याचे श्वासागणिक तुकडे पाडायला आणि व्यंजने ठसठशीत उच्चारायला शिकवतात; महत्त्वाचे बोलणे सकाळी उरकण्याचा सल्लाही देतात. भारताच्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्वतंत्र उल्लेख आहे. वाणी व भाषेचे अपंगत्व त्याच कायद्याच्या यादीत निराळे नोंदलेले आहे.