क्लाउनफिश सोपा, समुद्रफूल अवघड

केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश घ्यायला गेलेल्या ग्राहकाला विक्रेता बरेचदा त्याच दिवशी समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोनही, देऊ करतो. ही घाई टाळावी. मासा बऱ्यापैकी काटक असतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीची खरी परीक्षा होते ती समुद्रफुलामुळे.

प्रवाळांच्या नात्यातल्या या प्राण्याच्या शुंडकांवर, म्हणजे तोंडाभोवतीच्या लवचिक बोटांसारख्या अवयवांवर, दंशपेशी असतात आणि शरीरात एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा समुद्रफुलाला देते, त्यामुळे शोभेच्या साध्या दिव्यावर त्याचे भागत नाही. शैवाल गमावलेले समुद्रफूल पांढरेशुभ्र होते आणि दुकानात नेमके तेच देखणे वाटते. प्रत्यक्षात ते उपाशी असते.

माशांनी टाकलेल्या अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू काही आठवड्यांत टाकीत स्थिरावतात, तरीही समुद्रफूल आणण्यापूर्वी किमान सहा महिने जाऊ द्यावेत असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस आणि पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचे माप, १.०२५ च्या आसपास असावे. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते; म्हणून रोजची घट खाऱ्या पाण्याने नव्हे, तर आरओच्या गोड्या पाण्याने भरावी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरवाचून बहुधा निभत नाही.

जागा पसंत पडली नाही तर समुद्रफूल पायाची पकड सोडून सरकू लागते. रात्रीतून ते पंपात ओढले गेले, तर त्याच्या चिंध्या होतात आणि कुजणारे अवशेष इतर जीवांच्याही मुळावर येतात. पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज लावणे म्हणूनच आवश्यक आहे.

घरच्या टाकीसाठी त्यातल्या त्यात सोपी जात म्हणजे शुंडकांची टोके फुगीर असलेले बबल-टिप. ऑसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश निसर्गात तिच्यात राहत नाही, टाकीत मात्र पुष्कळदा तिला स्वीकारतो. पहिली भेट पाहण्यासारखी असते: मासा शेपटी किंवा पोट शुंडकांना निसटते लावतो, झटकन मागे होतो, पुन्हा येतो आणि मग हळूहळू आत शिरतो. त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत श्लेष्मामुळे दंशपेशी डंख सोडत नाहीत, असे मानले जाते. या श्लेष्मात दंशपेशींना चेतवणाऱ्या सियालिक आम्लाचे प्रमाण कमी असते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

लहान वयाचे दोन क्लाउनफिश एकत्र सोडले, तर सहसा मोठा मासा मादी होतो आणि दुसरा नर. ही जोडी समुद्रफुलावाचूनही अंडी घालते. बंदिस्त जागेत वाढवलेली पिल्ले आज सहज मिळतात आणि टाकीला ती लवकर सरावतात. त्यांना समुद्रफूल हवेच असे नाही. अनेकदा ती एखाद्या मऊ प्रवाळातच घर करतात.