हिप्पोकॅम्पसचं काम कळलं ते हेन्री मोलेसनमुळे

आठवण मेंदूत नेमकी कुठे असते, यावर 1950 पर्यंत शास्त्रज्ञांनी जवळजवळ हात टेकले होते. कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं उंदरांच्या मेंदूचे वेगवेगळे भाग कापून बघितले, पण अमुक तुकडा काढला आणि चक्रव्यूहातला शिकलेला रस्ता पुसला गेला असं झालंच नाही, जेवढं जास्त कापलं तेवढं जास्त विसरले, एवढंच.

मग 1953 मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसनचं ऑपरेशन झालं. वय 27, फिट्स इतक्या यायच्या की नोकरी करणं अवघड झालेलं. डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूत आत खोल असलेला एक छोटा भाग, आणि त्याच्या आजूबाजूचा भाग काढला. फिट्स खूप कमी झाल्या पण नवीन काहीच लक्षात राहीना. लहानपणचं आठवायचं, बोलणं व्यवस्थित, बुद्धी शाबूत. म्हणजे नवीन आठवणी साठवायला हाच भाग लागतो, हे त्यातून कळलं. स्कोव्हिलनी नंतर स्वतःच बाकीच्या डॉक्टरांना हे ऑपरेशन करू नका म्हणून सावध केलं, पण हेन्रीचं जायचं ते गेलंच होतं.

मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर हेन्रीला तपासायच्या. एकदा 584 हा आकडा लक्षात ठेवायला दिला तर पठ्ठ्याने 15 मिनिटं धरून ठेवला, कसा विचारलं तर म्हणे तिन्हींची बेरीज 17, त्यातले 8 गेले की 9, त्याचे 5 आणि 4. मिनिटभरात लक्ष दुसरीकडे गेलं आणि आकडाच काय, आकडा दिला होता हेही गायब.

मग आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, म्हणजे आपला हात थेट दिसत नाही, पेन्सिल हमखास भलतीकडेच जाते. तीन दिवस हेच. हे आपण आधी केलंय हे त्याला रोज नव्याने माहीत नसायचं, पण चुका मात्र कमी कमी होत गेल्या! मला हा त्या सगळ्या संशोधनाचा कळस वाटतो, कारण स्मरणशक्ती एकच एक नाही, हाताचं शिकणं वेगळ्या वाटेने होतं हे इथे डोळ्यांसमोर दिसलं.

भावनांचंही तसंच काहीसं, आणि ते तर 1911 मध्येच जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ क्लापारेद यांनी टिपलं होतं. विस्मरण झालेल्या एका पेशंट बाईंशी हात मिळवताना त्यांनी टाचणी टोचली, नंतर त्या बाई हात द्यायलाच तयार नाहीत आणि का ते सांगता येत नाही.

हेन्री 2008 मध्ये गेला, 82 वर्षांचा होऊन, तोपर्यंत जगाला तो फक्त 'एच. एम.' म्हणून माहीत. पुढच्या वर्षी सॅन दिएगोला त्याच्या मेंदूचे 2401 पातळ काप केले, त्यात हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग बराचसा शिल्लक दिसला, पण त्याच्यापर्यंत माहिती पोचवणारा शेजारचा भाग जवळपास पूर्ण गेलेला होता.