जलपर्णाची जाडी (शिडाच्या नौकेतील)

शिडाच्या नौकेचे सुकाणू, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडता व वर घेता येणारी फळी) व कील (तळाला कायम जडलेला वजनदार पंख) या जलपर्णांच्या, म्हणजे पाण्यातील पंखांच्या, छेदाची कमाल जाडी आणि जीवा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर) यांचे गुणोत्तर. ते टक्क्यांत सांगतात. नौकेला दोन्ही बाजूंनी वारा घ्यावा लागत असल्याने छेद सममित असतो. अमेरिकेतील नाका या विमानविद्या संशोधन संस्थेने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार अंकी मालिकेत ‘००१२’ म्हणजे १२ टक्के जाडीचा छेद. येथे उत्थापन म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या रेट्याला तोंड देणारे पाण्यातील आडवे बल होय.

जाड पर्ण अधिक उत्थापन देते, हे सरसकट खरे नाही. लहान आपात कोनांत (आपात कोन म्हणजे येणारा प्रवाह व जीवा यांमधील कोन) उत्थापन कोनाच्या प्रमाणात वाढते. घर्षणरहित प्रवाहाच्या सिद्धांतानुसार या वाढीचा दर जाडीबरोबर किंचित चढायला हवा. परंतु सीमास्तरामुळे, म्हणजे पृष्ठभागालगतच्या घर्षणाने मंदावलेल्या पातळ थरामुळे, तो लाभ बहुतांशी नाहीसा होतो, आणि मोजमापे पाहता जाडीचा येथील प्रभाव गौण मानणेच अधिक ग्राह्य वाटते.

खरा फरक स्टॉलच्या वेळी, म्हणजे कोन फार वाढून प्रवाह पर्णापासून सुटतो व उत्थापन घसरते तेव्हा, दिसतो, आणि त्याचे मूळ पुढच्या कडेच्या गोलाईत आहे. या मालिकेत गोलाईची त्रिज्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते : २५० मिमी. जीवेच्या सुकाणूत १२ टक्क्यांना ती सुमारे ४ मिमी., ९ टक्क्यांना २.२ मिमी. आणि ६ टक्क्यांना जेमतेम १ मिमी. भरते. इतक्या तीक्ष्ण कडेला वळसा घालताना प्रवाह लवकर सुटतो. रेनल्ड्स अंक (वेग व जीवा यांच्या गुणाकाराला प्रवाहीच्या गतिक श्यानतेने, म्हणजे घनतेच्या तुलनेतील चिकटपणाने, भागून येणारी संख्या) सुमारे ६० लाख असताना ६, ९ व १२ टक्के जाडीच्या छेदांचे कमाल उत्थापन गुणांक (वेग व आकारमान यांचा परिणाम वगळून उत्थापन दाखवणारी संख्या) अनुक्रमे सुमारे ०.९, १.३ व १.६ आढळतात. म्हणून पॉलिश कागदाने घासताना कड अनवधानाने धारदार झाली, तर सुकाणूची जाडी कायम राहूनही स्टॉल कमी कोनातच येतो. कारागिराने पत्र्याचा साचा लावून हे पडताळावे.

हे आकडे लहान होडीला जसेच्या तसे लावू नयेत. नागपूरच्या अंबाझरी तलावात, ३० अंश से. तापमानाच्या गोड्या पाण्यात, हेच सुकाणू सेकंदाला १.२ मी. वेगाने जात असल्यास रेनल्ड्स अंक अवघा पावणेचार लाखांच्या आसपास येतो. तेथे कमाल उत्थापन घटते व स्टॉलचा कोनही कमी होतो.

ओढ, म्हणजे पुढे जाण्यास पाण्याचा होणारा विरोध, जाडीबरोबर वाढते, पण बेताने : प्रचलित सूत्रानुसार सपाट फळीच्या घर्षणापेक्षा ती ६ टक्क्यांना सुमारे १२, तर १२ टक्क्यांना सुमारे २५ टक्के जास्त असते. सुकाणू मोठ्या कोनात वळवावे लागते, म्हणून त्याला जाड छेद मानवतो. सेंटरबोर्ड थोड्याच कोनात काम करीत असल्याने पातळ चालतो. कीलची जाडी बळकटी आणि आत मावणारे वजन यांवरही ठरते.