चेंडूतली हवा कुणी काढली?

माझा भाचा बॉस्टनला असतो. एरवी शांत मुलगा, पण टॉम ब्रॅडीला कुणी ‘चीटर’ म्हटलं की खवळतो. परवा फोनवर म्हणाला, ‘मामा, तुम्ही इतकी वर्षं फिजिक्स शिकवलंत, एकदा त्याच्या त्या चेंडूतली हवा काढल्याच्या भानगडीवर लिहा ना.’ अमेरिकन फुटबॉल मला आजही धड कळत नाही. पण त्या भानगडीतलं विज्ञान अकरावीचं आहे, आणि त्यातली चूक माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं करायची.

आधी माणूस कोण ते सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं आणि फेकणारा हात. प्रत्येक चाल त्याच्यापासून सुरू होते. ब्रॅडीला २००० साली व्यावसायिक संघांच्या निवडीत १९९वा क्रमांक मिळाला, म्हणजे जवळजवळ कुणालाच तो नको होता. पुढे तो २३ हंगाम खेळला. सात सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) जिंकला, त्यातले सहा न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून, आणि २०२३च्या फेब्रुवारीत वयाच्या ४५व्या वर्षी कायमचा निवृत्त झाला. या सगळ्या कारकिर्दीवर जो एक डाग कायम दाखवला जातो, तो १८ जानेवारी २०१५च्या संध्याकाळचा.

फॉक्सबरोच्या मैदानावर पेट्रियट्स विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स असा उपांत्य सामना होता. थंडी आणि पाऊस. या खेळात प्रत्येक संघ आक्रमण करताना स्वतःचे चेंडू वापरतो. २००६ साली हा नियम आला, आणि तो यावा म्हणून खटपट करणाऱ्यांत ब्रॅडीही होता. चेंडूत हवा १२.५ ते १३.५ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड, हे दाबाचं एकक) हवी. ब्रॅडीला किंचित मऊ चेंडू आवडतो, कारण हाताची पकड चांगली बसते. आरन रॉजर्स या दुसऱ्या नामवंत क्वार्टरबॅकला उलट टणक चेंडू आवडतो. ज्याची त्याची सवय.

मध्यंतराला पंचांनी पेट्रियट्सचे ११ चेंडू तपासले. अकराच्या अकरा १२.५च्या खाली! झालं, हवा काढली म्हणून बोंबाबोंब. लीगने, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेने, ब्रॅडीवर चार सामन्यांची बंदी घातली, संघाला १० लाख डॉलर दंड झाला. दुसऱ्या डावात नियमाप्रमाणे हवा भरलेल्या चेंडूंनी पेट्रियट्सनी २८-० अशी धुलाई केली आणि सामना ४५-७ने खिशात घातला, ही गंमत वेगळीच.

आता विज्ञानाकडे. सामन्याआधी चेंडू तपासले ते उबदार खोलीत, सुमारे २१ अंश सेल्सिअसला. मध्यंतराच्या सुमारास मैदानावर ९ अंशांच्या आसपास तापमान होतं. आकारमान तेच राहिलं तर वायूचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हा गे-ल्युसॅकचा नियम आपण सगळ्यांनी घोकलेला असतो. म्हणजे २९४ केल्विनवरून २८२. साडेबाराला, म्हणजे नियमातल्या किमान दाबाला, २८२ने गुणायचं, २९४ने भागायचं. उत्तर १२. फरक अर्ध्या पीएसआयचा, आणि मोजलेली सरासरी तर त्याहूनही खाली होती. मग बाकीची हवा गेली कुठे? काढलीच असणार!

इथेच माशी शिंकते. पंक्चर झालेल्या टायरला गेज (दाब मोजायचं यंत्र) लावा, काटा शून्यावर असतो. पण टायरच्या आत निर्वात पोकळी थोडीच आहे? आत हवा आहे, बाहेरच्या इतक्याच दाबाची. गेज फक्त बाहेरच्या दाबापेक्षा किती जास्त तेवढंच सांगतं. वातावरणाचे १४.७ पीएसआय त्यात मिळवले की खरा दाब मिळतो, आणि वायूचा नियम त्या खऱ्या दाबाला लागू आहे. वायूच्या रेणूंना तुमच्या गेजचा शून्य कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं?

तर १२.५ अधिक १४.७ म्हणजे २७.२. याला २८२ने गुणून २९४ने भागलं की येतात २६.१. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर दिसतील ११.४. चेंडूला कुणी बोटही न लावता १.१ पीएसआय कमी! मध्यंतराला मोजलेली सरासरी होती एका गेजवर ११.१ आणि दुसऱ्यावर ११.५.

माझा विश्वास कागदावर कमीच. घरचा फुटबॉल १० पीएसआयपर्यंत फुगवला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. (त्यासाठी भाजीचा कप्पा रिकामा करावा लागला. त्यावर घरात काय ऐकावं लागलं, तो या लेखाचा विषय नाही.) खोली २९ अंश, फ्रिज ५. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून इथे १४.७ऐवजी साधारण १३.७ धरायचे. हिशोबाने आठ यायला हवे होते. सकाळी थुंकी लावून सुई आत घातली, फुस्स झालं, आणि काटा आठच्या जरा खाली थांबला. ते फुस्स विसरू नका, मोजताना दर वेळी थोडी हवा जातेच. चेंडू टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, तर काटा नऊकडे निघालेला.

ही दहा मिनिटंच महत्त्वाची. मध्यंतरात पंचांनी पेट्रियट्सचे ११ चेंडू आधी मोजले. कोल्ट्सचे मोजेपर्यंत वेळ संपत आली, चारच झाले, आणि ते १२.५च्या जवळपास भरले. ‘बघा, यांचे ठीक आहेत!’ अहो, तोवर ते उबदार खोलीत गरम झाले होते. कोल्ट्सनी मुळात १३ भरले होते. थंडगार असताना मोजले असते तर तेही ११.९ दिसले असते. शिवाय ओलं कातडं माठासारखं वागतं. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे ओला चेंडू सावकाश गरम होतो.

आणि मोजमापाची शिस्त बघा. गेज दोन, त्या दोघांत तीन-चार दशांशांचा फरक. सामन्याआधी नेमकं कुठलं वापरलं यावर वाद, कारण तेव्हाचे आकडे लिहूनच ठेवले नव्हते. अकरावीच्या प्रयोगवहीत हे चाललं नसतं. लीगच्या तज्ज्ञांनी उरलेला दोन-तीन दशांशांचा फरक संशयास्पद ठरवला. माझ्या मते ज्या गेजांतच तेवढी तफावत आहे, त्यांच्यावरून असा निष्कर्ष काढणं बरोबर नाही. संशयाला इतर कारणं होती, ती लपवत नाही. चेंडू सांभाळणारा माणूस ते घेऊन १ मिनिट ४० सेकंद बाथरूममध्ये गेला होता, काही मेसेज सापडले होते, ब्रॅडीने जुना फोन नष्ट केला होता. पण ते पोलिसी काम, गे-ल्युसॅकचं नव्हे.

जाता जाता आपल्याकडचं. पेट्रोल पंपावर ‘सर, नायट्रोजन मारू का? थंडी-उन्हात प्रेशर बदलत नाही’ असं सांगून पैसे घेतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि हा नियम कुठल्याही वायूला सारखाच लागू पडतो. नायट्रोजन कोरडा असतो, थोडा हळू झिरपतो, एवढंच. महाबळेश्वरला डिसेंबरात सकाळी टायर बसलेला वाटला तर नायट्रोजनवालाही तितकाच बसलेला असेल.

कोर्टकचेरी वर्षभर चालली. २०१५च्या सप्टेंबरात एका न्यायाधीशांनी बंदी उठवली, २०१६च्या एप्रिलमध्ये वरच्या कोर्टाने ती पुन्हा लावली. दोन्हीकडे मुद्दा लीगच्या आयुक्तांच्या अधिकाराचा होता, वायूच्या नियमाचा नाही. ब्रॅडी चार सामने घरी बसला आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये ३-२८ अशा पिछाडीवरून ३४-२८ने जिंकला.

दरम्यान २०१५च्या हंगामात लीगने काही सामन्यांत मध्यंतराला चेंडूंचा दाब मोजून नोंदवला. कडाक्याच्या थंडीत कुणी हात न लावलेल्या चेंडूंचं काय होतं, हे त्या नोंदींत दिसलं असणार. ते आकडे लीगने प्रसिद्ध केले नाहीत. भाच्याला म्हटलं, तुझ्याकडे बर्फ भरपूर आहे, दोन चेंडू आणि एक गेज घे, आणि प्रत्येक आकडा लिहून ठेव. वेळेसकट.